घरगाडीचे खांदे

आमच्या घरी गाडीच्या तेलाच्या डब्याला हात लावायचा हक्क फक्त माझा होता. तो मला कोणी दिला नव्हता, मी भांडून घेतला होता. लग्नाला दोन वर्षं झालेली सून, डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेला, आणि सासऱ्याच्या गाडीखाली उताणी झोपून तेलाची गळती शोधते आहे, असलं दृश्य गिरडच्या आसपासच्या गावांत त्या काळी कोणी पाहिलं नव्हतं. बायका पाण्याला जाताना मुद्दाम वाट वाकडी करून आमच्या अंगणावरून जायच्या. गाडीखालून माझे फक्त पाय बाहेर दिसायचे. पायांत जोडवी असायची, म्हणून त्यांना कळायचं की ही या घरची सूनच आहे, कोणी मिस्त्री नाही.

गाडीही तशीच होती म्हणा. बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या भागात पाणी शोधायला परदेशी माणसांची एक तुकडी आली होती. त्यांचा साहेब ज्या गाडीत राहायचा ती ही. बाहेरून बसच्या अर्ध्या आकाराची आणि आतून चक्क घर: पलंग, छोटी शेगडी, भांडी घासायची मोरी, भिंतीतली कपाटं. स्टिअरिंग डाव्या बाजूला. उतारावर उभी केली तरी आतला पलंग सपाट राहावा म्हणून तिच्या पोटाखाली चार लोखंडी पाय होते, तेही तेलाच्या दाबावर खाली-वर व्हायचे. ती माणसं परत गेली आणि गाडी सरकारी लिलावात निघाली. आम्ही सगळे तिला घरगाडी म्हणायचो.

माझे सासरे, म्हणजे मामाजी, त्या लिलावात गेले होते विहिरीवर बसवायला इंजिन घ्यायला. परत आले ते हे घर घेऊन. गावाला वाटलं, म्हाताऱ्याला वेड लागलं. मलाही तेच वाटलं, आणि मी ते बोलूनही दाखवलं. मामाजी एवढंच म्हणाले, "इंजिन याच्यातबी हाये."

खरं कारण मला आमच्या ह्यांच्याकडून कळलं. लिलावाच्या मैदानात मामाजी गाडीत चढले, चपला काढल्या, पलंगावर आडवे झाले आणि तिथल्या ड्रायव्हरला म्हणाले, "आता खड्ड्यातून ने." त्यानं नेली. "आखीन मोठ्या खड्ड्यातून ने." तशीही नेली. मग उठून बसले, कंबर चाचपून पाहिली, आणि खाली उतरून बोली लावली.

कारण होती सासूबाईंची कंबर. आठ वर्षांपूर्वी त्या विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरल्या, तेव्हापासून त्यांना बसवत नव्हतं. आडवं पडायचं, नाहीतर कोणाच्या तरी आधारानं चार पावलं चालायचं. बैलगाडी नाही, एस.टी. तर नाहीच. त्यांचं माहेर आर्वीच्याही पलीकडे, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथं त्यांची आई होती, ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी गेलेली. आठ वर्षं मायलेकी भेटल्या नव्हत्या. मामांचं, म्हणजे सासूबाईंच्या भावाचं पत्र यायचं, त्यात शेवटी एक ओळ ठरलेली असायची: आई विचारते, ती कधी येईल. सासूबाई मला ते पत्र दोनदा वाचायला लावायच्या आणि शेवटची ओळ आली की तोंड भिंतीकडे करायच्या.

हे कळल्यावर मी गाडीला नावं ठेवणं बंद केलं आणि बाह्या वर केल्या.

मला तेलातलं कळायचं त्याला कारण माझे बाबा. हिंगणघाटला जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात कापसाच्या गाठी दाबायचा मोठा प्रेस होता, तो तेलाच्या दाबावर चालायचा, आणि तो सांभाळणं हेच बाबांचं काम. मी लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायची आणि डबा संपेपर्यंत तिथेच बसायची. एवढासा पंप, बोटाएवढ्या नळ्या, आणि त्यांतून जाणारं तेल कापसाचा डोंगर दाबून त्याची पेटी करतं, याचं मला फार नवल वाटायचं. बाबा म्हणायचे, या यंत्राला दोनच शत्रू, हवा आणि कचरा. डब्याचं झाकण उघडण्याआधी झाकण पुसायचं, मग हात पुसायचे, मग ते फडकं झटकून पुन्हा एकदा झाकण पुसायचं. आमच्या घरी देवाच्या निरांजनाला एवढं पावित्र्य नव्हतं.

घरगाडीच्या स्टिअरिंगचं तत्त्व तेच. इंजिनावरच्या पट्ट्यानं एक पंप फिरायचा, तो तेल दाबून पुढच्या चाकांकडे पाठवायचा, आणि एवढी अवजड गाडी एका बोटानं वळायची. म्हणजे, वळायला हवी होती. आमच्याकडे आली तेव्हा परतीची नळी चिरलेली, जोडांतली रबरी सीलं वाळून कडक झालेली, डब्यात तेल तळाला. आमचे हे शेजाऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचे म्हणून त्यांना ड्रायव्हर केलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी गाडी वळवता वळवता गोठ्याचा एक खांब पाडला आणि म्हणाले, गोठाच चुकीच्या जागी आहे. नाचता येईना अंगण वाकडं! मी म्हटलं, खाली उतरा, आधी मला पाहू द्या.

हिवाळा आणि उन्हाळा त्यात गेला. बाबांनी प्रेसच्या जुन्या सामानातून नळी जुळवून दिली, सीलं कापून दिली. साहेबाचं लाल तेल गाडीच्या कपाटात दोन बंद डब्यांत सापडलं होतं. एक वापरला, एक मी धान्याच्या कोठीमागे लपवून ठेवला. रोज सकाळी झाडलोट झाली की मी पट्टा दाबून बघायची, नळीच्या जोडांवर बोट फिरवून ओलं लागतं का पाहायची, झाकणाला लावलेल्या पट्टीवर तेलाची खूण मोजायची. सासूबाई खाटेवरून ओरडून विचारायच्या, "हाये का जागेवर?" मी म्हणायची, "हाये." मग त्या चहा घ्यायच्या.

मामाजींना या सगळ्याचं भारी कुतूहल. एकदा माझ्याशेजारी उकिडवे बसून म्हणाले, "सूनबाई, हे तेल इंजिनात जाते काय?"

मी म्हटलं, "नाई मामाजी, इंजिनाचं येगळं. हे फक्त चाक वळवाचं. असं समजा, हा पंप म्हणजे बैल, अन् हे तेल म्हणजे त्याचे खांदे. जुवाचा भार खांद्यावर येते ना, तसा सारा भार या तेलावर येते. खांदे चांगले त गाडी चांगली."

त्यांनी मान डोलावली. "हे समजलं," म्हणाले. मला वाटलं, काय सुरेख समजावलं आपण! बाबांनासुद्धा असं जमलं नसतं.

श्रावण संपत आला आणि मामांचं पत्र आलं. या वेळी शेवटच्या ओळीच्या वर आणखी एक ओळ होती: आईनं जेवण फार कमी केलं आहे. सासूबाईंनी ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं नाही. मामाजींनी त्याच संध्याकाळी ठरवलं की पोळा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं. पाऊस आठ दिवस उघडला होता, रस्ते वाळले होते. माहेरच्या गावाआधी एक नाला होता, त्यावर पूल नव्हता. पुन्हा झड लागली की तो नाला भरणार आणि काळ्या मातीच्या त्या वाटेवर दिवाळीपर्यंत गाडी जाणार नाही. दिवाळीपर्यंत म्हातारी थांबेल का?

आता आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांदे घट्टे पडलेले असतात. गरम पाण्याच्या फडक्यांनी ते शेकायचे, मग तूप आणि हळद चोळायची, आणि बैलाच्या कानाशी जाऊन म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. पाहुण्याला देतात तसं रीतसर आमंत्रण. मामाजींच्या हातचं हे काम पाहण्यासारखं असायचं. एरवी कोणाशी गोड न बोलणारा माणूस बैलाशी मात्र जावयाशी बोलल्यासारखा बोलायचा.

त्या संध्याकाळी मी पुरणाची डाळ निवडत होते. अंगणातून मामाजींचा आवाज आला, "आज आवतन घे वं बाई, उद्या जेवाले ये." गोठ्यात तर सगळे बैल, गाय एकही नाही! मी डोकावून पाहिलं, तर ते घरगाडीपुढे हात जोडून उभे. आम्ही सगळे खूप हसलो. मला वाटलं, गाडीला हळदीचं बोट लावलं असेल. बिचारी बाहेर उभी राहून बैलांचे लाड बघत होती, तिलाही आमंत्रण मिळालं, बरंच झालं.

पोळ्याच्या दिवशी बैलांना सुट्टी, म्हणून मामाजींनी गाडीलाही सुट्टी दिली. त्या दिवशी मीही तेल पाहिलं नाही. साऱ्या वर्षात माझे चुकले ते दोनच दिवस, तो आणि निघायच्या गडबडीतला दुसरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना नवं लुगडं नेसवून, चौघांनी खाटेसकट उचलून गाडीत नेलं आणि पलंगावर निजवलं. त्यांनी सोबत आईसाठी काय काय घेतलं होतं! पुरणपोळ्या, साखर, एक मऊ धाबळी, आणि नारळाच्या तेलाची बाटली. सगळं गाव निरोपाला आलं होतं. ह्यांनी इंजिन सुरू केलं. गाडी अंगणातून निघाली, सरळ होती तोवर ठीक चालली. वेशीजवळ वळण आलं आणि पंप असा किंचाळला की झाडावरचे बगळे उडाले. हे दोन्ही हातांनी स्टिअरिंगला लोंबकळले तरी चाक वळेना. गाडी पाराच्या अगदी कडेशी जाऊन थांबली. बॉनेटच्या फटीतून पिवळा फेस बाहेर येत होता.

मी उडी मारून खाली उतरले, बॉनेट उघडलं, झाकण पुसलं, आणि फिरवलं. डब्यात लाल तेल दिसेचना. वर पिवळा फेस आणि त्याखाली रव्यासारखं दाणेदार काहीतरी. मी बोट बुडवून वास घेतला. घरचं कढवलेलं तूप. हळद घातलेलं.

तूप खाल्लं की लगेच रूप येत नाही म्हणतात. आमच्या गाडीचं तर होतं तेही रूप गेलं होतं.

माझं डोकं सणकलं. मी सगळ्या गावासमोर वळले आणि विचारलं, "मामाजी, यात तुमी काय टाकलं?"

"तूप," ते म्हणाले.

"कितीक?"

"लाल पाणी थोडं काढलं वरचं. मंग दोन वाट्या. घरचं हाये, बाजारचं नाई."

"अक्कल गहाण ठेवली होती काय!" मी ओरडले.

शब्द तोंडातून गेला आणि इंजिनाची धडधड सुद्धा ओशाळल्यासारखी वाटली. बायकांनी पदर तोंडाला लावले. आमच्या ह्यांनी मान खाली घातली. सुनेनं सासऱ्याला असं बोलल्याचं त्या गावात कोणाला आठवत नव्हतं, आणि बोलून झाल्यावर मला स्वतःलाही खरं वाटेना. मामाजी रागावले नाहीत. ते हळू आवाजात म्हणाले, "तूच त सांगतलं होतं, हे तेल म्हणजे खांदे. येवढं दूर जाचं होतं, तिले घेऊन. मले वाटलं, शेकले पाह्यजे."

माझीच उपमा, तिलाच त्यांनी तूप लावलं होतं. मला हसू आलं, रडू आलं, आणि लाजही वाटली, सगळं एकदमच. पण रडत बसायला वेळ नव्हता. पश्चिमेला ढग जमू लागले होते.

आतून सासूबाईंची हाक आली, "काय झालं वं?"

"थोडं तेल खराब झालं, आत्याबाई. दुरुस्त करतो." आमच्याकडे बायकासुद्धा करतो, जातो असंच म्हणतात.

ह्यांनी विचारलं, आईला तोवर घरी नेऊन निजवू का. सासूबाईंनी ते ऐकलं. "मी इथून उतरत नाई," त्या म्हणाल्या. "माहेरच्या वाटेवर घरातून निघालेली बाई वापस जात नसते. तुमी करा काय करता ते."

मग मी फर्मानं सोडायला सुरुवात केली. एकदा अब्रू गेलीच होती, आता भ्यायचं कशाला? पहाटेच्या गारव्यात तूप थिजून पंपाच्या तोंडाशी आणि जाळीत बसलं होतं. ते पातळ केल्याशिवाय बाहेर येणार नव्हतं, आणि गाडीवर आग धरता येत नाही. मामाजींनाच म्हटलं, "गरम पाणी लागते. लय सारं. अन् फडके."

ते धावतच गेले. पाराशेजारी तीन दगडांची चूल मांडली, गंगाळ चढवलं. आणि मग माझ्या लक्षात आलं की आपण काय करतो आहोत: गरम पाण्यात फडकं बुडवायचं, पिळायचं, आणि पंपाला, डब्याला, नळ्यांना गुंडाळून धरायचं. गार झालं की दुसरं. मामाजी ते इतक्या निगुतीनं करत होते! फडकं किती गरम असावं, कुठे किती वेळ धरावं, हे त्या हातांना पन्नास वर्षांच्या पोळ्यांनी शिकवलेलं. मी बाजूला सरकले आणि ते काम त्यांच्यावरच सोपवलं. परवा जे चुकलं होतं त्यातलं अर्धं बरोबरच होतं. शेकणं बरोबर होतं, तूप तेवढं चुकलं होतं.

तूप तापू लागलं तसा वास सुटला. गाडीची मागची खिडकी उघडली गेली. "सूनबाई," सासूबाई म्हणाल्या, "गाडीले पुरणपोळीचा वास काऊन येऊन राह्यला?"

मामाजी फडकं पिळत खाली पाहत राहिले. शेवटी मीच सांगितलं. मग सासूबाई जे हसायला लागल्या ते थांबेचनात. "आई गं, कंबर, कंबर," म्हणत हसत होत्या. मग ओरडून मामाजींना म्हणाल्या, "गाडीचे खांदे शेकले! माही कंबर त आठ वर्सात कधी शेकली नाई तुमी!" तेव्हा वेशीवरचा प्रत्येक माणूस हसला आणि सर्वांत शेवटी, फडक्यानं तोंड पुसत, मामाजीही हसले. माझं ते अक्कल गहाण ठेवण्याचं बोलणं त्या हसण्यात वाहून गेलं. निदान मी तरी तसं समजले.

पुढचं काम सरळ होतं, पण घामाचं. पुढची चाकं जॅकवर उचलली. परतीची नळी सोडवून घमेल्यात धरली. आतली घाण धुवायला भरपूर तेल हवं होतं, आणि माझ्याजवळ एकच डबा. तेव्हा गाडीच्या चार पायांचं वेगळं तेल होतं, ते मी सगळं काढून घेतलं. आता गाडी उतारावर सपाट उभी राहणार नव्हती, पण चालली तर पाहिजे ना! इंजिन बंद ठेवून मी वरून तेल ओतायचं, ह्यांनी स्टिअरिंग डावीकडे शेवटपर्यंत, उजवीकडे शेवटपर्यंत फिरवायचं, आणि मामाजींनी घमेल्यात काय पडतं ते सांगायचं.

"पिवळं," ते सांगत. "पिवळं. आखीन पिवळं. मातीवानी. फिरव लेका, हात काय बांगड्याचे हायेत तुहे? मातीवानीच. आता कमी पिवळं."

जाळी मी तीनदा धुतली, हळदीचा कण कण काढला. मग नळी जोडली, लपवलेला डबा आणला, झाकण पुसलं, हात पुसले, फडकं झटकून पुन्हा झाकण पुसलं, आणि लाल तेल भरलं. इंजिन सुरू करून लगेच बंद केलं. बुडबुडे वर आले. थांबलो, तेल वाढवलं, पुन्हा सुरू. सहाव्या-सातव्या वेळेला पंप किंचाळायचा थांबला आणि गुरगुरायला लागला. आठव्या वेळेला तोही आवाज गेला. मामाजी डब्यात वाकून बघत होते. "लाल," ते म्हणाले. "सूनबाई, निर्मळ लाल!" एवढा आनंद त्यांना पुढे नातू झाला तेव्हाही झाला नाही, हे मी शपथेवर सांगेन.

ह्यांनी स्टिअरिंगवर एक बोट ठेवलं आणि पाराला वळसा घालून गाडी काढली. लोकांनी पोळ्याच्या बैलाला ओरडतात तसं ओरडून तिला वाट करून दिली. पुढच्या वर्षी पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या, म्हणजे सणाची यमकी गाणी, म्हणताना एका वात्रटानं आमच्यावरही एक रचली: "चार चाकाचं घर, त्याले पोळ्याचं तूप, सून धरते फडकं, अन् सासरा बसला चूप! हर हर महादेव!" पुढे कितीतरी वर्षं ती म्हटली जायची. मामाजी स्वतः त्यातला हर हर महादेव सर्वांत मोठ्यानं म्हणायचे.

निघालो तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. समुद्रपूर मागे पडलं. सासूबाई पलंगावर पडून खिडकीतून बघत होत्या. पडल्या पडल्या त्यांना फक्त झाडांचे शेंडे, तारेचे खांब आणि आभाळ दिसायचं, आणि तेवढ्यावरच त्या खूष होत्या. आठ वर्षं त्यांनी घराच्या आढ्याशिवाय दुसरं काही पाहिलं नव्हतं. "हे कडुलिंब लय वाढले," म्हणायच्या. हिंगणघाटला बाबा रस्त्यावर उभे होते. त्यांनी गाडी थांबवून पंपाशी कान नेला, समाधानानं मान हलवली, मग हवा हुंगून मला विचारलं, "पोरी, हा कशाचा वास?" मी म्हटलं, "वापस येताना सांगतो."

वर्धा शहर ओलांडलं, आर्वी आली, आणि ढग आमच्याबरोबरच आले. आर्वीच्या पुढे दोन थेंब काचेवर पडले. ह्यांनी गाडी जरा जोरात घेतली, आणि मी या एका वेळी त्यांना टोकलं नाही. नाल्याशी पोचलो तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं. वाट नाल्यातच एकदम उजवीकडे वळत होती, मध्ये एक भला मोठा खडक. स्टिअरिंग सकाळसारखं असतं तर आम्ही तिथेच रुतलो असतो. ह्यांनी तळहातानं चाक फिरवलं, गाडी खडकाला वळसा घालून शहाण्या बैलासारखी वर चढली, आणि मी आनंदानं अशी ओरडले की मामाजींनी कानांवर हात ठेवले. पाठीमागे पावसानं सुरुवात केली. आता भरू दे त्या नाल्याला पाहिजे तेवढा!

माहेरच्या अंगणात गाडी उभी केली. अंगण उताराचं, आणि गाडीचे पाय तर तेलाविना कोरडे. मामांनी आणि शेजाऱ्यांनी चाकांखाली फरशा सरकवून पलंग सपाट केला. ठरलं होतं असं की चौघांनी सासूबाईंना खाटेवर घेऊन घरात न्यायचं. खाट आणलीसुद्धा. तेवढ्यात घराच्या दारातून म्हातारी स्वतःच निघाली. एका हातात काठी, दुसरा हात हवेत. इंजिनाच्या आवाजावर तिनं वाट धरली होती. कोणी धरायला गेलं तर झिडकारलं. ती गाडीपाशी आली आणि पत्र्यावर दोन्ही तळवे ठेवून चाचपत चाचपत दारापर्यंत पोचली.

"माय!" आतून सासूबाईंनी हाक मारली. "थांब, मी येतो!"

"तू नको हालू," म्हातारी म्हणाली. "मीच येतो."

तीन उंच पायऱ्या होत्या. मी मागून कमरेला धरलं, मामाजींनी हात दिला. ऐंशी ओलांडलेली ती बाई एकेक पायरी चढून आत गेली, पलंगाची कड हाताला लागताच त्यावर बसली, आणि मग सरळ लेकीच्या शेजारी आडवी झाली. मामाजी तोंड फिरवून पावसात जाऊन उभे राहिले.

मग म्हातारीचा हात सासूबाईंच्या कपाळावरून केसांवर गेला आणि तिथेच फिरत राहिला.

"पिकले काय वं तुहे केस?" तिनं विचारलं.

"पिकले माय. सारे पिकले."

"मले त काळेच दिसून राह्यले," म्हातारी म्हणाली.

मी बाहेर आले आणि दार हळूच ओढून घेतलं.